सहा सामने, शून्य गुण

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आपल्याला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. ही गोष्ट २०२३ सालची. नोव्हेंबरची सहा तारीख, सोमवार. चकलीची भाजणी दळून आणलेली, पोहे उन्हात घातलेले, माळ्यावरचे डबे खाली काढलेले. आणि अशात आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, आज तू माझ्याबरोबर नेरूळला चल. फुटबॉलची मॅच आहे."

मी आधी हसले. मग कळलं, तो खरंच म्हणतोय. त्याने दोन तिकिटं महिनाभर आधीच काढली होती, स्वतःच्या पॉकेटमनीतून. सोबत येणारा मित्र ऐनवेळी फिरला होता. कारण काय, तर ज्याला बघायला जायचं तो नेमारच येणार नव्हता!

आता नेमार कोण हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मुलाने समजावून सांगितलं. ब्राझीलचा मोठा खेळाडू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो सौदी अरेबियाच्या अल हिलाल या क्लबमध्ये गेला. आशिया खंडातल्या क्लबांची तेव्हा जी स्पर्धा होती, एएफसी चॅम्पियन्स लीग, तिच्यात आपली मुंबई सिटी आणि हा अल हिलाल एकाच गटात आले. म्हणजे नेमार महाराष्ट्रात खेळणार! पोरं वेडी झाली होती. पण ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि सगळ्यांच्या आनंदावर पाणी पडलं.

"मग कशाला जायचं?" मी विचारलं. "नेमार नाही, आणि आपण हरणारच म्हणतोस."

"हरणारच आहोत गं. रियाधला सहा गोल खाल्लेत आपण. पण तिकिटं फुकट घालवू का?"

त्याच्या तोंडचं ते "हरणारच" ऐकलं आणि माझ्या मनात एकदम दुसरंच काहीतरी हललं. त्याच सुमारास तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मला हेच म्हणाली होती, "ताई, हरायलाच जायचं तर कशाला जायचं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. भाजणीचा डबा झाकला, यांना सांगितलं आणि निघाले. नेरूळला नणंद राहते, तिला फोन केला की रात्री मुक्कामाला येतोय.

पण आधी त्या मुलीविषयी सांगायला हवं.

मी राहते डहाणूला. लग्न होऊन आले तेव्हापासून चिकूच्या वाड्या, समुद्राचा वारा आणि लोकलचं वेळापत्रक हेच आयुष्य. गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांच्या कामासाठी तलासरीकडच्या पाड्यांवर जाते. त्या निमित्तानेच या आश्रमशाळेशी संबंध आला. मुलींना मासिक पाळीविषयी माहिती सांगायला म्हणून गेले आणि मग जातच राहिले. तिथे एक तरुण शिक्षक होते, त्यांनी मुलींची फुटबॉलची टीम बांधली होती. मैदान कसलं, भाताच्या खाचरालगतचा माळ! बांबूचे गोलपोस्ट. बहुतेक मुली अनवाणी. पण पळायच्या अशा की बघत राहावं. लहानपणापासून डोंगर चढणाऱ्या, डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालणाऱ्या वारली मुली त्या, दमणार कुठून?

त्यांची गोलकीपर नववीतली. सगळ्या तिला 'गोली' म्हणायच्या, मीही तेच म्हणायला लागले. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण चेंडू आला की झेप घ्यायची ती थेट मातीत.

सप्टेंबरात शालेय स्पर्धेला त्या पहिल्यांदाच गेल्या. समोर शहरातली शाळा. त्या मुलींना रोजचा प्रशिक्षक, पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे. आमच्या मुलींनी इकडून तिकडून मागून आणलेले बूट, कुणाला मोठे तर कुणाला तंग. सात गोलांनी हरल्या. सात-शून्य! येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. शाळेत परतल्यावर बोलणारे मात्र पुष्कळ निघाले. कुणी म्हणालं, गाडीभाडं फुकट गेलं. कुणी म्हणालं, मुलींचा खेळ आहे का हा? पुढच्या वर्षी टीम पाठवायची नाही असंही ठरल्यासारखं झालं. आणि गोलीने चेंडूला हात लावणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाली तेच, "हरायलाच जायचं तर कशाला जायचं?"

तर अशी मी, फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी बाई, डहाणू लोकल पकडून नेरूळला निघाले. प्रवास मोठा, त्यामुळे मुलाने मला गाडीत सगळी शिकवणीच घेतली. तुम्हालाही थोडक्यात सांगते.

आपल्या देशात इंडियन सुपर लीग होते. तेव्हा तिच्यातला सर्वोत्तम संघ आशियाच्या स्पर्धेत जायचा. मुंबई सिटीने २०२२-२३ ची लीग शील्ड जिंकली, पण तेवढ्याने भागलं नाही. आदल्या वर्षीच्या विजेत्या जमशेदपूरशी आणखी एक सामना खेळावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये केरळातल्या मंजेरीला तो ३-१ असा जिंकला, तेव्हा कुठे आशियाचं दार उघडलं. त्या मोसमात चाळीस क्लब होते, चार-चारांचे दहा गट. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. (मी म्हटलं, म्हणजे एकदा माहेरी, एकदा सासरी. तो म्हणाला, हो, आणि सासरी जिंकणं अवघड असतं! मी काही बोलले नाही.)

मुंबईच्या गटात अल हिलाल, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि इराणचा नस्साजी. घरचे सामने ठेवले होते पुण्याला बालेवाडीत. फक्त अल हिलालचा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. सप्टेंबरात पुण्यात नस्साजीकडून ०-२ हरले. ऑक्टोबरात उझबेकिस्तानात ०-३. मग रियाधला ०-६. तीन सामने, अकरा गोल खाल्ले, एकही केला नाही. आता चौथा.

"आणि समोरचे कोण आहेत माहितीय?" मुलगा म्हणाला. अल हिलाल म्हणजे चार वेळा आशिया जिंकलेला क्लब. मोरोक्कोचा बोनो, सेनेगलचा कुलिबाली, सर्बियाचा मित्रोविच, असे वर्ल्ड कप खेळलेले लोक. त्यांच्या एकेका खेळाडूच्या पगारात आपला अख्खा संघ बसेल, असं तो म्हणाला. खरं-खोटं मी तपासलं नाही, पण बूट आणि अनवाणी पायांचा हिशेब मला त्या क्षणी बरोबर समजला.

स्टेडियमचा तो झगझगाट, ते ढोल, ते निळे झेंडे! आपल्याकडच्या महालक्ष्मीच्या जत्रेइतका गोंगाट. माझ्या आजूबाजूला बायका किती असतील म्हणून मी बघत होते. होत्या की! कॉलेजच्या मुली होत्या, एक आई कडेवर बाळ घेऊन आली होती. मला जरा धीर आला.

सामना रात्री उशिरा सुरू झाला. मी मनाशी म्हणत होते, देवा, सहापेक्षा कमी होऊ देत. पण काय झालं माहितीय? पहिला अर्धा भाग संपला तेव्हा फलक शून्य-शून्य! मुंबईचा गोलकीपर सिक्कीमचा, फुर्बा लाचेंपा. त्याच्यावर चेंडू नुसते येत होते आणि तो आडवा पडून, उठून, पुन्हा उभा राहत होता. मला सारखी आमची गोली दिसायला लागली. कधी खुर्चीवरून उठून ओरडायला लागले कळलंच नाही. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता.

दुसऱ्या अर्ध्यात मुंबईचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला. दहाच उरले. मग एक गोल झाला. शेवटी शेवटी मित्रोविचने दुसरा केला. ०-२. हरलोच आम्ही.

पण खरं सांगू का, मैत्रिणींनो? लोक उठून गेले नाहीत. सामना संपल्यावर खेळाडू मैदानाला फेरी मारायला आले तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. हरलेल्यांसाठी! मला आठवेना, आपण घरात, शाळेत, समाजात हरलेल्या कुणासाठी शेवटची टाळी कधी वाजवली. मुलगा दहावीला कमी मार्कांवर आला तेव्हा मीच त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. हे आठवलं आणि त्याचा हात धरून बाहेर पडले. त्याला कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तो म्हणाला, "आई, रियाधला सहा, इथे दोन. चौदा दिवसांत चार गोल कमी. दहा जण असून!" हा हिशेब मला कधी सुचला नसता. मी त्याला त्या गोलकीपरचे व्हिडिओ माझ्या मोबाइलवर घ्यायला लावले.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी तलासरीला गेले. आश्रमशाळेला दिवाळीची सुट्टी लागत होती, मुली गाठोडी बांधून घरच्यांची वाट बघत होत्या. गोली म्हणाली, "ताई, मी सुट्टीनंतर येणार नाय. आमचं घर भट्टीवर चाललंय."

आपल्या भागातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. भातकापणी, झोडणी झाली, दिवाळी उरकली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा उचल घेतलेली असते, ती अशी फेडायची. शाळेत नाव राहतं, मूल राहत नाही. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला हमखास जाते.

मी तिला व्हिडिओ दाखवला. लाचेंपाचा, आडवा पडून चेंडू अडवतानाचा. तिने तो चार वेळा बघितला. मग विचारलं, "किती झाले शेवटी?" म्हटलं, दोन. "म्हणजे हरला?" हो, हरला. त्याआधी सहा खाल्ले होते, त्याआधी तीन, त्याआधी दोन. तरी आला होता. ती काही बोलली नाही. मोबाइल मात्र परत द्यायला वेळ लावला.

मी तिच्यासोबत पाड्यावर गेले. तिचा बाप दारातच बसला होता. म्हटलं, "दादा, पोरीला शाळेत राहू द्या. पुढच्या वर्षी दहावी आहे." तो शांतपणे म्हणाला, "बाई, उचल तुम्ही फेडाल का?" या प्रश्नाला समाजसेवेच्या पुस्तकात उत्तर नाही. आई म्हणाली, "बारक्याला कोण बघेल? मी विटा पाडू का त्याला घेऊ?" त्यांचं काय चुकलं सांगा? मी गप्प बसले. चहा आला, तो प्यायले. तासभर असाच गेला.

शेवटी बोलली ती म्हातारी आजी. कोपऱ्यात बसून ऐकत होती. "मी येते भट्टीवर. बारक्याला मी बघेन. पोरीला राहू दे." गुडघे धरलेली बाई, सहा महिने उघड्यावर झोपडीत राहायचं म्हणत होती. बाप नको म्हणाला. आजी पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बाप उठून बाहेर गेला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सुट्टी संपली की सोडतो तिला."

मी काही केलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. केलं ते आजीने.

तिकडे मुंबईचा मोसम तसाच पुढे गेला. नोव्हेंबरच्या शेवटी तेहरानला पुन्हा ०-२. चार डिसेंबरला पुण्यात नवबहोरकडून १-२. सहा सामने, सहा पराभव, शून्य गुण. सतरा गोल खाल्ले आणि एक केला. शेवटच्या सामन्यातला तो एक गोल मुलाने मला फोन करून कळवला, जणू त्याचाच रिझल्ट लागला होता. मी पुढच्या खेपेला गोलीला सांगितलं. ती शाळेत परतली होती. म्हणाली, "एक तरी झाला!" आणि हसली.

पुढे काय झालं तेही ऐका. ज्या अल हिलालपुढे मुंबई हरली, त्यांनी त्याच मोसमात ओळीने ३४ सामने जिंकून जागतिक विक्रम केला. म्हणजे त्या काळात त्यांच्यासमोर सगळेच हरत होते. त्यांचा वारू शेवटी अडवला अल ऐनने, उपांत्य फेरीत, आणि मे २०२४ मध्ये आशियाचा करंडकही अल ऐननेच नेला. आणि आपली मुंबई? ४ मे २०२४ ला कोलकात्यात, मोहन बागानच्या घरच्या मैदानात ३-१ ने जिंकून इंडियन सुपर लीगचा कप घेऊन आली. आशियात एकही गुण न मिळवलेला हाच तो संघ! सर्वोत्तम गोलकीपरचा मान त्या मोसमात लाचेंपालाच मिळाला. इतके गोल खाल्ले म्हणून तो घरी बसला असता तर?

आणि हा संघ पूर्वीही नुसता हरतच आला होता असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या क्लबला २-१ हरवून आशियाच्या या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबईच ठरली होती. विजयाचा गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईच्याच मुलाचा.

मग मी मुलाला विचारलं, "मुलींचं काय? त्यांची असते का अशी स्पर्धा?" असते म्हणाला. आणि जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. २०२१ मध्ये केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली जॉर्डनला आशियाच्या स्पर्धेत खेळल्या. तिथे पंजाबच्या मनीषा कल्याणने गोल केला, या स्पर्धेत गोल करणारी ती पहिली भारतीय मुलगी. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच क्लबच्या मुली ताश्कंदला पोचल्या आणि कळलं की जागतिक संघटना फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलंय. भांडण कारभाऱ्यांचं, शिक्षा मुलींना! न खेळताच परत. बंदी उठली २६ ऑगस्टला, पण तोवर त्यांची स्पर्धा गेली होती. मोठ्यांच्या व्यवहारात मुलीची संधी कशी बुडते, हे काय आपल्याला नवीन आहे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ओडिशाच्या मुली व्हिएतनामला जपानच्या उरावा क्लबकडून हरल्या, १७-०. हो, सतरा! मुंबईने सहा सामन्यांत मिळून जेवढे खाल्ले तेवढे एका सामन्यात. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी चीनमधल्या वुहानला इराणच्या क्लबला ३-१ ने हरवलं. आणि आपल्या महिला संघाने तर जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली.

आता शेवटचं, गोलीचं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. त्या अकरा जणींतल्या दोघी दिवाळीनंतर परतल्याच नाहीत. एक भट्टीवर गेली ती गेलीच. दुसरीचं लग्न झालं, वय मी विचारलं नाही कारण मला माहीत होतं. आपण उशिरा पोचलो, हे शल्य माझ्याकडे आहे. ते तरुण शिक्षकही बदली होऊन गेले.

गोली २०२५ मध्ये दहावी पास झाली. आता डहाणूला कॉलेजात येते. तिथे मुलींची टीम नाही, त्यामुळे ती कुठल्या संघातून खेळत नाही. पण रविवारी आश्रमशाळेच्या माळावर जाते आणि धाकट्या मुलींना शिकवते. मी एकदा बघायला गेले होते. पाचवी-सहावीतली एक चिमुरडी गोल खाऊन रडत बसली होती. गोली तिच्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "किती खाल्लेस? चार? मी सात खाल्लेले. ऊठ."

ती चिमुरडी उठली. आजी बांधावर बसली होती, गुडघे चोळत. भट्टीवरून आल्यापासून तिला नीट चालवत नाही. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मला तरी कुठे कळतं? पण चेंडू अडला की आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो, आणि नाही अडला तरीही.